छतावरची अरुंधती

“चोवीस!” फूटपट्टी म्हणाली. “आडवे सहा, उभे चार. दोनदा मोजले मी.”

“मी तीनदा मोजले. माझे पंचवीस आले,” बडबड्या म्हणाला.

“तू दिवासुद्धा मोजलास.”

हॉस्पिटलच्या मुलांच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर तीन धडधाकट मुलं ओळीनं उताणी पडून छताकडे टक लावून बघत होती. तिघांचेही पाय खाटेबाहेर लोंबत होते. तेवढ्यात औषधांची गाडी ढकलत सिस्टर आत आल्या आणि दारातच थबकल्या.

“हे काय चाललंय? यातला पेशंट कोण?”

“मी!” शेजारी स्टुलावर बसलेल्या पिटुकल्यानं हात वर केला. “पण मी सोमवारपासून. हे नुसते माप घ्यायला आलेत.”

पिटुकला नऊ वर्षांचा, फूटपट्टीचा धाकटा भाऊ. त्याच्या खुब्याच्या हाडात खोट होती, म्हणून तो काठी टेकत लंगडत चालायचा. सोमवारी त्याचं ऑपरेशन होतं. त्यानंतर कमरेपासून खाली प्लास्टर आणि सहा आठवडे नुसतं उताणं पडून राहायचं! इंजेक्शनांना तो घाबरला नाही, डॉक्टरांच्या हातोडीलाही नाही. पण मागच्या आठवड्यात वॉर्ड बघायला आला तेव्हा त्यानं वर पाहिलं. वर होते पांढरे, कोरे, एकसारखे चौकोन. “सहा आठवडे हेच बघायचं?” त्यानं विचारलं होतं. त्या रात्री पांघरुणात तोंड खुपसून तो रडला. त्याला वाटलं कुणाला ऐकू गेलं नाही, पण ताईला ऐकू गेलं होतं.

आणि ताई म्हणजे फूटपट्टी! पेन्सिल उसनी देतानाही ती मोजून द्यायची आणि परत घेताना पुन्हा मोजायची. तिनं त्याच रात्री ठरवून टाकलं, या छतावर आकाश लावायचं. खरंखुरं, आपल्या गच्चीवरून दिसतं ते.

डॉक्टरांनी परवानगी दिली, पण अट घातली. “छताचे चौकोन सुटे आहेत. ते उतरवून त्यांवर काय चिकटवायचं ते चिकटवा आणि परत बसवा. पण सोमवारी सकाळी नऊच्या आत! पेशंट आत आला की माझ्या वॉर्डात शिडी दिसता कामा नये.”

सोमवारला तेव्हा पाच दिवस उरले होते.

फूटपट्टीच्या मामाचा फोटो स्टुडिओ होता, त्यामुळे कॅमेऱ्याची चिंता नव्हती. कॅमेऱ्याच्या तिकाटण्यावर ताऱ्यांच्या मागोमाग हळूहळू फिरणारी एक छोटी मोटरही त्यानं आणली होती.

“पण एकच फोटो काढून मोठा केला तर?” बडबड्यानं विचारलं. “पाच मिनिटांत काम फत्ते!”

“एवढ्याशा फोटोतून छताएवढं आकाश काढलंस तर ताऱ्यांचं पीठ होईल,” मामा म्हणाला. “आकाश तुकड्यातुकड्यांनी टिपायचं. प्रत्येक तुकड्याचा वेगळा फोटो, आणि मग सगळे जोडायचे.”

फूटपट्टीनं लगेच वही उघडली. छताचे चौकोन चोवीस, म्हणजे फोटो चोवीस! मध्ये सप्तर्षी, भोवती बाकीचे तारे. चौथा मेंबर घड्याळ, याचं काम वेळ लिहायचं. या मुलाच्या मनगटावर मनगटाहून मोठं घड्याळ असायचं आणि विचारल्याशिवाय तो बोलायचा तो फक्त वेळ सांगायला. बडबड्याचं काम होतं गप्प बसायचं. चौघांत सगळ्यांत अवघड काम त्याच्याच वाट्याला आलं होतं.

बुधवारी रात्री साडेआठला, पुरता अंधार झाल्यावर, पाण्याच्या टाकीलगतच्या ओट्यावर कॅमेरा लागला. गच्चीवर तेवढ्याच एका जागेवरून सप्तर्षी टाकीच्या आड येत नव्हते. त्यांची इमारत गावाच्या अगदी कडेला होती, पलीकडे नुसती शेतं आणि टेकडी. चोवीस फोटो ठरल्याप्रमाणे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओच्या जमिनीवर ते मांडले आणि सगळ्यांचे चेहरे उतरले.

“क्रतु, पुलह, पुलस्त्य, अत्रि, अंगिरस, मरीचि...” बडबड्यानं बोटं मोजली. “सहाच! एक ऋषी पळाला!”

वसिष्ठ गायब होता. तो नेमका दोन फोटोंच्या मधल्या फटीत गेला होता. कॅमेरा हातानं वळवताना कुठे केसभर कमी, कुठे केसभर जास्त झालं होतं आणि आकाशाला भेगा पडल्या होत्या.

फूटपट्टीच्या डोळ्यांत पाणी आलं. “मी कडेला कड बरोब्बर जुळवली होती. कागदावर सगळं बरोबर होतं!”

पिटुकला भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, “ताई, तू फरशा बसवल्यासारखं केलंस. कौलांसारखं कर ना. कौलं एकमेकांवर चढवतात, म्हणून पाऊस आत येत नाही.”

मामानं त्याच्या डोक्यावर टपली मारली. “शाब्बास! लोक हे शिकायला महिने घालवतात रे!”

नवा बेत झाला. प्रत्येक फोटोनं शेजारच्यावर थोडं चढायचं. त्यासाठी आता पस्तीस फोटो लागणार होते. ते जोडून एक आकाश झालं की त्याचे पुन्हा चोवीस चौकोन छापायचे. एकेकाला तीन मिनिटं. गुरुवारी रात्री सव्वादहाला शेवटचा फोटो झाला तेव्हा बडबड्यासुद्धा दमून गप्प झाला होता. मामानं कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो एकेक करून मोठे केले आणि त्याच्या कपाळावर आठी पडली.

“हे काय? अरुंधती दोन?”

वसिष्ठाच्या शेजारी टिमटिमणारी इवलीशी अरुंधती. ती एकच असते, हे पिटुकल्यालाही माहीत होतं. फोटोत मात्र दोन होत्या. वसिष्ठही दोन. त्या फोटोतले सगळेच तारे जुळे झाले होते!

“कॅमेरा हलला,” मामा म्हणाला. “उड्या कोण मारत होतं?”

सगळ्यांनी बडबड्याकडे पाहिलं.

“मी नाही! शप्पथ! मी श्वाससुद्धा हळू घेत होतो!”

पस्तीसपैकी सहा फोटो बिघडले होते. घड्याळानं वही पुढे केली. “आठ एकतीस, दोन. नऊ अकरा, दोन. नऊ एक्कावन्न, दोन.”

“म्हणजे दर चाळीस मिनिटांनी!” फूटपट्टी ताडकन उभी राहिली. “मामा, बुधवारचे फोटो बघ!”

बुधवारच्या बाद फोटोंतही अगदी त्याच वेळांचे तारे जुळे निघाले. सकाळी फटींच्या नादात कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

“माणूस असा घड्याळ लावून उड्या मारतो का?” बडबड्या म्हणाला. “बघा! मी निर्दोष आहे!”

पण त्याच्या निर्दोषपणाचा आनंद रात्रभरच टिकला. शुक्रवारी सकाळी जिन्यातल्या भिंतीचा हातभर गिलावा पडला. इमारतीचे सेक्रेटरीकाका तो ढपला हातात घेऊनच मुलांच्या दारात आले.

“दोन रात्री तुमचा गच्चीवर धिंगाणा, आणि आज हे! भिंतींना तडे गेलेत तडे! आजपासून गच्चीला कुलूप!”

“काका, आम्ही नाही केलं,” फूटपट्टी म्हणाली. “गच्ची आपोआप हलते. आमच्याकडे वेळा लिहिलेल्या आहेत. आमचेच सहा फोटो बिघडलेत त्यामुळे!”

“वा! फोटो काढता येईना म्हणे गच्ची हलते! नाचता येईना अंगण वाकडं!”

कुलपाची किल्ली त्यांच्या खिशात खुळखुळली. फूटपट्टीला पिटुकल्याचं पांघरूण आठवलं. सहा फोटो, फक्त सहा! पण त्यातच वसिष्ठ होता आणि अरुंधतीही. मध्येच सहा भोकं असलेलं आकाश ती भावाच्या डोक्यावर लावणार नव्हती.

ती शांतपणे म्हणाली, “काका, आज रात्री तुम्हीच गच्चीवर बसा. आम्ही चौघं खाली रस्त्यापलीकडच्या बाकावर बसतो. तुम्हाला वरून दिसू. गच्ची हलली नाही, तर दोष आमचा. सगळा जिना आम्ही झाडून काढू.”

“आणि हलली तर?”

“तर किल्ली आमची.”

सेक्रेटरीकाका हसले. असा सौदा कोण सोडतो?

रात्री सव्वाआठला ते खुर्ची घेऊन टाकीलगत बसले. समोर ओट्यावर पाण्यानं भरलेलं ताट. साक्षीदार म्हणून मामा. खाली बाकावर दिव्याच्या उजेडात चार मुलं, हाताची घडी घालून.

“पाणी बघा, आरशासारखं!” सेक्रेटरीकाका म्हणाले. “हातच्या कांकणाला आरसा कशाला! पोरांनी बनवलं तुम्हाला.”

“अजून तीन मिनिटं,” मामा म्हणाला.

खाली घड्याळानं हात वर केला. आठ एकतीस.

ताटातल्या पाण्यावर एक बारीकसा शहारा आला. मग वर्तुळं उठली. कडेकडून मध्ये, मध्याकडून कडेला. ओट्यावर ठेवलेला काकांचा चष्मा टिकटिक करत सरकायला लागला. काकांनी घाईघाईनं खाली पाहिलं. चारही मुलं बाकावरच होती. बडबड्या तर त्यांना टाटा करत होता!

“अहो, हे... हे काय?”

“ते शोधायला दोन फोटोंची, म्हणजे सहा मिनिटं आहेत,” मामा म्हणाला. “चला!”

मुलं धावत आत आली, मागून काठी टेकत पिटुकला. वरून मोठी माणसं आणि खालून मुलं. सगळे जिन्याच्या कोपऱ्यातल्या खांबाला हात लावत होते.

“तिसऱ्या मजल्यावर गुदगुल्या होतायत!” मामा वरून ओरडला.

“पहिल्यावर दात वाजतायत!” बडबड्या खालून ओरडला.

तळमजल्यावर त्या खांबाला लागून लाँड्रीची मागची खोली होती. दार ढकललं तर साबणाचा वास आणि गरम वाफ अंगावर आली. आत कपडे पिळायचं एक भलंमोठं मशीन दाव्याला बांधलेल्या बैलासारखं उसळत होतं. त्याचा एक पाय मोडला होता, त्याखाली फळ्यांची चळत रचली होती आणि दर उसळीला मशीनची कड खांबावर आदळत होती. लाँड्रीवाले काका दोन्ही हातांनी ते दाबून धरत होते.

मशीन थांबलं. आठ सदतीस.

“धक्के वर जातात?” घाम पुसत लाँड्रीवाल्यांनी विचारलं. “अरे देवा! मला वाटलं इथेच काय ते हलतंय. दर चाळीस मिनिटांनी एक घाणा पिळावा लागतो. हॉस्पिटलच्या चादरी आहेत, पहाटे सहाला गाडी येते. काम थांबवून कसं चालेल?”

“पण हे जमिनीत पक्कं बसवायला नको होतं का?” सेक्रेटरीकाकांनी आवाज चढवला. “मला विचारायचं तरी!”

“विचारलं ना. लेखी अर्ज दिला. सिमेंटचा पाया घालून बोल्टनं बसवायला परवानगी द्या म्हणून. चार महिने झाले. तुमचं उत्तरच नाही.”

“माझ्याकडे असला अर्ज आलेला नाही! माझ्या ऑफिसात कागद इकडचा तिकडे होत नाही!”

ऑफिस म्हणजे शेजारचीच खोली. काकांनी कपाट उघडलं, फायली काढल्या, खण उपसले. सगळे बघत राहिले. पिटुकल्याला फार वेळ उभं राहवत नसे, म्हणून तो दाराशी जमिनीवरच बसला. आणि त्यामुळे त्याला जे दिसलं, ते उभ्या असलेल्या कुणालाच दिसलं नाही.

“काका, तुमच्या टेबलाच्या पायाखाली काय आहे?”

“ते? काही नाही रे, टेबल डुगडुगतं म्हणून कसला तरी कागद घडी करून...”

काका मध्येच थांबले. मामानं टेबल उचललं. फूटपट्टीनं आठ घड्यांचा तो कागद उलगडला आणि मोठ्यानं वाचला. “विषय : मशीन डुगडुगत असल्याबाबत.”

“काखेत कळसा!” बडबड्याला राहवलं नाही. “म्हणजे टेबलाचं डुगडुगणं थांबलं आणि इमारतीचं सुरू झालं!”

लाँड्रीवाले आधी हसले, मग मामा, आणि शेवटी कानापर्यंत लाल झालेले सेक्रेटरीकाकाही. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि फूटपट्टीच्या हातावर ठेवली. “चूक माझी. अर्ज न वाचताच ठेवून दिला. मंगळवारी गवंडी बोलावतो, आणि तडे बघायला उद्याच इंजिनीअर.”

किल्ली मिळाली, पण आकाश कुठे हातात होतं? शुक्रवारी नऊ वाजता बघतात तर ढग भरून आलेले! आता उरला फक्त शनिवार. रविवारी छपाई, सोमवारी सकाळी छत.

शनिवारी लाँड्रीवाल्यांनी मशीन खांबापासून जमेल तेवढं सरकवलं, पण ताटातलं पाणी अजून शहारतच होतं. मग फूटपट्टीनं त्यांच्यासमोर वही मांडली. दोन पिळण्यांच्या मध्ये चौतीस मिनिटं मोकळी. सहा फोटोंना लागतात अठरा.

“झकास!” लाँड्रीवाले म्हणाले. “मशीन चालू करण्याआधी मी अंगणातून बॅटरी तीनदा चमकवीन. तेव्हा तुम्ही थांबायचं.”

सगळा बेत चोख होता. पण ढगांना तो कुणी सांगितला नव्हता! साडेआठ झाले, नऊ झाले, साडेनऊ झाले. वर सगळं राखाडी. अंगणातून बॅटरी चमकायची, ताट शहारायचं, पुन्हा शांत व्हायचं. आईनं पिटुकल्याला झोपायला न्यायला दोनदा माणूस पाठवला. दोन्ही वेळा तो माणूस, म्हणजे बाबा, गच्चीवरच बसून राहिला.

“ताई,” पिटुकला हळूच म्हणाला, “नाही झालं तरी चालेल. एकोणतीस फोटो पण खूप आहेत.”

फूटपट्टीनं मान हलवली आणि ती पुन्हा वर बघत राहिली.

“दहा सत्तावीस,” घड्याळ म्हणालं, आणि मग जन्मात पहिल्यांदा ते ओरडलं, “वर बघा!”

ढग फाटला होता. त्या फटीत एक तारा, मग दोन. मरीचि, वसिष्ठ!

“कॅमेरा!” मामा धावला. पण फूटपट्टी जागच्या जागी थिजली. दहा एकतीसला मशीन सुरू होणार. चार मिनिटं! एक फोटो होईल, फार तर. आणि मशीन थांबेपर्यंत ही फट राहील याचा काय भरवसा?

बडबड्या कठड्याकडे धावला. तीन रात्री साठवलेला सगळा आवाज त्यानं एकदम बाहेर काढला. “लाँड्रीवाले काकाऽऽ! तारे आलेऽऽ! मशीन नकोऽऽ!”

खाली अंगणात लाँड्रीवाले उभे होते. एका हातात बॅटरी, बाजूला ओल्या चादरींचा डोंगर. त्यांनी वर पाहिलं. चादरींकडे पाहिलं. पहाटे सहाची गाडी त्यांना आठवली असणारच. मग त्यांनी बॅटरी खिशात घातली.

“काढा!” ते ओरडले. “चादरी काही भिजून विरघळत नाहीत!”

पहिला फोटो. दुसरा. गच्चीवर कुणी हललं नाही. बाबांनी शिंक दाबून धरली. फट सरकत होती आणि फूटपट्टी हलक्या आवाजात पुढचा आकडा सांगत होती. पाचवा झाला. ढगाची कड अरुंधतीला टेकायला आली तेव्हा सहावा सुरू होता.

“दहा सेहेचाळीस,” घड्याळ कुजबुजलं.

“झाला,” मामा म्हणाला, आणि ढगानं आकाश मिटून घेतलं.

त्या रात्री लाँड्रीवाल्यांचं काम उशिरा संपणार होतं. म्हणून साडेअकरापर्यंत बाबा, मामा आणि सेक्रेटरीकाका असे तिघं त्यांच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होते. सेक्रेटरीकाकांच्या घड्या सगळ्यांत चांगल्या होत्या. सरावच होता ना!

सोमवारी आठ पन्नासला शेवटचा चौकोन छतावर बसला आणि शिडी वॉर्डाबाहेर गेली. डॉक्टर आत आले. त्यांनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ते खाटेवर आडवे व्हायच्याच बेतात होते, पण सिस्टर बघत होत्या.

“हे तुम्ही केलंत? मी इतकी वर्षं छताखाली काम करतोय, पण वर बघावंसं आज पहिल्यांदा वाटलं. शाब्बास रे पोरांनो!”

सेक्रेटरीकाकाही आले होते. ते म्हणाले, “आमच्या इमारतीच्या तड्यांचं कारणसुद्धा यांनीच शोधलं. इंजिनीअर म्हणाले, आणखी सहा महिने असंच चाललं असतं तर खांबच गेला असता. या मुलांना मी दोष देत होतो, ही मला लाज वाटावी अशी गोष्ट आहे.” आणि त्यांनी ते सगळ्यांसमोर सांगितलं, म्हणून फूटपट्टीनं त्यांना मनातल्या मनात माफ करून टाकलं.

ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी पिटुकल्याला जाग आली तेव्हा कमरेपासून खाली जड पांढरं प्लास्टर होतं, अंगाखाली कडक इस्त्रीची चादर होती आणि उशाशी ताई. त्यानं हळूहळू डोळे वर नेले. चोवीस चौकोनांत एकही भेग नव्हती. सात ऋषी जागच्या जागी होते, आणि वसिष्ठाच्या कुशीत अरुंधती. एकच.

त्याचे ओठ हलत होते. फूटपट्टी घाबरली. “दुखतंय का रे? सिस्टरना बोलवू?”

“श्श! मोजतोय ना,” तो म्हणाला. “एकशे बारा झाले. अजून पहिला चौकोनही संपला नाही.”

मग त्याच्या कपाळावर काळजीची आठी पडली. “ताई, डॉक्टरांना विचार ना... सहाच आठवडे का गं?”

फूटपट्टी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि बराच वेळ डोळे पुसत राहिली.